भिंतीवर सगळे गायकच? निदान तीन जागा साथीदारांना द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वाशीत सोसायटीचा हॉल नवीन झालाय, एका भिंतीवर मराठी संगीतातल्या २० जणांच्या तसबिरी लावायच्यात, १४ नावांवर कमिटीचं एकमत आहे आणि उरलेल्या ६ जागांवरून तीन मीटिंगा नुसत्या भांडणात गेल्या. तरुण मंडळी अजय-अतुल पाहिजेतच म्हणतात, जुनी मंडळी आधी गायक-संगीतकार मास्तर कृष्णराव म्हणतात, आणि प्रल्हाद शिंदेंचं नाव निघाल्यावर कोणीतरी 'ते लाउडस्पीकरवरचं गाणं' म्हणून विषयच बंद केला. मी ठाण्यात तीसेक वर्षं एका छोट्या संगीत मंडळाचं काम बघतोय, पेटी म्हणजे हार्मोनियमही वाजवतो. थोडी लांबण लागेल पण सगळं लिहितो.

तुमची १४ नावं दोनदा वाचली. एकही नाव चुकीचं नाही. पण १४ च्या १४ एकतर गायक-गायिका नाहीतर संगीतकार. वाजवणारा एक माणूस नाही हो त्यात. तबला नाही, पेटी नाही, व्हायोलिन नाही, ढोलकी नाही. राहिलेल्या ६ पैकी निदान ३ जागा साथीदारांना द्या, माझं मुख्य म्हणणं हेच आहे, बाकीचं नंतर.

तुमच्या कमिटीतले काका म्हणतात की लोकांना माहीत असलेलीच नावं लावा. आता पेटीचंच बघा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, कारण काय तर तिच्यात मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं जमत नाही, श्रुती म्हणजे बारीक स्वर मिळत नाहीत, वाद्य परदेशी. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! ज्या काळात घराघरात गाणं पोचत होतं ते रेडिओवरूनच, नेमक्या त्याच काळात पेटीवाल्याला स्टुडिओत जागा नाही. मग त्याचं नाव लोकांना माहीत होणार कुठून? मैफलीत मात्र हाच माणूस गवयाच्या शेजारी रात्र रात्र बसलेला. म्हणून माझं पहिलं नाव गोविंदराव पटवर्धन, त्यांची साथ ज्यांनी ऐकलीय त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे, छोटा गंधर्व, राम मराठे, एकाचा बाज दुसऱ्याला लागत नाही, आणि हा माणूस प्रत्येकाबरोबर त्याच्यासारखा वाजवायचा. गवयाने घेतलेली सुरांची जागा पुरी व्हायच्या आत ती पेटीतून यायची आणि तरी कधी पुढे पुढे केल्यासारखं वाटायचं नाही. कुमारजी आणि वसंतराव तुमच्या यादीत आहेत ना? मग एखादं रेकॉर्डिंग लावा आणि मागची पेटी ऐका, गाणं नंतर ऐका. तुळशीदास बोरकरांना २०१६ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा पेटीवाल्यांना घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता, कारण आमच्या वाद्याला असा मान क्वचितच मिळतो.

दुसरं नाव प्रभाकर जोग. बाबूजी म्हणजे सुधीर फडके तुमच्या यादीत पहिल्या पाचात आहेत, असायलाच हवेत, आणि कारण म्हणून गीतरामायण लिहिलंय. ५६ गाणी, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक. दर आठवड्याला गदिमांकडून नवं गाणं यायचं, चाल बांधायची, वादकांकडून बसवून घ्यायची, परत गायकही वेगवेगळे. हे एकट्याच्याने होणारं काम नव्हे, तिथे बाबूजींचे सहायक म्हणून जोग होते आणि व्हायोलिनही त्यांचंच. 'स्वर आले दुरुनी' ची चाल पण त्यांची, गायलंय बाबूजींनी. २०२१ ला गेले ते. आजही कोणी व्हायोलिनवर मराठी गाणं वाजवायला घेतो तेव्हा शब्द ऐकू यावेत असं वाजवायची जी धडपड असते ती त्यांच्यामुळे.

तिसरी जागा ढोलकीला. सुलोचना चव्हाणांचं नाव तुम्ही घेतलंय, छान, मग लावणीतली ढोलकी कोणाची हेही बघा ना. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण हे ढोलकीतलं मोठं नाव आहे, जुन्यांत लाला गंगावणे आहेत. दोघांतलं कोण ते तुमच्याकडच्या ढोलकीवाल्यांना बसवून ठरवा, मी पेटीवाला, त्यात माझा अधिकार नाही.

मी हे एवढं जीव तोडून का सांगतोय तर आमच्या हातून झालेली एक चूक आहे. मंडळाला २५ वर्षं झाली तेव्हा आम्ही स्मरणिका काढली, आमच्याकडे गाऊन गेलेल्या प्रत्येकाचा फोटो, खाली दोन ओळी माहिती. आणि शेवटच्या पानावर एक ओळ, 'साथसंगत : स्थानिक कलावंत'. प्रुफं मी तपासली होती. आमच्याकडे पहिल्या कार्यक्रमापासून तबल्याला बसणारे एक काका होते, लोकलने यायचे, मानधन कधी मिळालं कधी नाही. त्यांनी स्मरणिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, शेवटचं पान जरा वेळ बघितलं, घडी घातली आणि डग्ग्याच्या पिशवीत ठेवली. बोलले काहीच नाहीत. त्या संध्याकाळी वाजवलं मात्र नेहमीसारखंच, लखलखीत. दोन वर्षांनी गेले. दुसरी आवृत्ती काढायची राहूनच गेली आमची.

अमेरिकेत क्लीव्हलँडला रॉक अँड रोलवाल्यांचं असं मोठं दालन आहे, तिथली पहिली निवड १९८६ ची, आणि साथीदारांसाठी वेगळा विभाग त्यांनी काढला २००० ला. म्हणजे त्यांनाही १४ वर्षं लागलीच. तुमची भिंत अजून कोरी आहे, तुम्हाला आत्ताच करता येईल.

त्यांचा एक नियम मला पटतो, पहिली रेकॉर्ड येऊन २५ वर्षं झाल्याशिवाय नाव विचारातच घ्यायचं नाही. आपण त्यात थोडा बदल करून नाव झाल्यापासून २५ वर्षं धरू. अजय-अतुलचं काम मला मनापासून आवडतं, 'जोगवा'चं संगीत तर फारच, पण सिनेमात त्यांचं नाव झालं २००४ च्या सुमाराला. एक जागा रिकामी ठेवा, खिळा मारून ठेवा, २०२९ ला वाजतगाजत लावा. तरुण मंडळींना हे पटेल, कारण नकार नाहीये यात.

जुन्यांना मात्र मी मास्तरांच्याही मागे जायला सांगेन, भास्करबुवा बखले. त्यांची एकही रेकॉर्ड नाही, १९२२ ला गेले. 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या, बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य, आणि मास्तरांकडे शिकले राम मराठे, जे पुढे आमच्या ठाण्याचे झाले. रामभाऊंना मी गडकरी रंगायतनमध्ये ऐकलंय, तान सुटली की पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीत सरळ होऊन बसायची. त्यांच्या नावाचा महोत्सव ठाणे महापालिका करते. भास्करबुवा झाले नसते तर यातलं काय उरलं असतं, हे विचारा मीटिंगमध्ये. कोणाच्याही नावाला हाच प्रश्न लावा, भांडणं निम्मी होतील.

प्रल्हाद शिंदेंनाही हाच प्रश्न लावून बघा. कल्याणचा माणूस, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहिलेला. आषाढीला 'पाऊले चालती पंढरीची वाट' आणि जयंतीला भीमगीतं, दोन्ही एकाच गळ्यातून घरोघरी गेली. तो आवाज लाउडस्पीकरवर वाजला कारण ज्यांनी तो ऐकला त्यांना तिकीट काढून हॉलमध्ये बसणं परवडत नव्हतं. यात कमीपणा कसला? उलट ज्यांनी मीटिंगमध्ये विषय बंद केला त्यांनी एकदा शांत बसून ऐकावं, टिपेला जाऊन शब्द किती स्वच्छ राहतो ते. ही जागा माझ्या मते वादाचीच नाही.

म्हणजे झाले साथीदार ३, भास्करबुवा, प्रल्हाद शिंदे, आणि एक खिळा. गायिका केसरबाई केरकर राहिल्या याचं फार वाईट वाटतं, १९७७ ला व्हॉयेजर यानातून जी तबकडी गेली तिच्यात भारताचं म्हणून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. १४ मध्ये जी दोन संगीतकार भावंडं वेगवेगळी धरलीत ती एका चौकटीत येत असतील तर जागा निघेल, बघा.

अजून एक, हे २० मध्ये धरू नका. वाशी वसली ती आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर. जुहूगाव, कोपरखैरणे, घणसोली, तिथे लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी अजून आहेत. दाराशी एक मोठा फोटो त्यांचा लावा, आणि उद्घाटनाला दिवा त्यांच्याच हातून लावा, गाणंही त्यांचंच होऊ दे.

हात वर करून मतदान मात्र करू नका. जो नाव सुचवेल त्याने पाच-पाच मिनिटांची दोन रेकॉर्डिंगं आणायची, स्पीकर लावून सगळ्यांनी ऐकायची, मग बोलायचं. भास्करबुवांसाठी शिष्यांची आणा.

आणि गायकांच्या तसबिरीखाली जी पट्टी येईल तिच्यावर दुसरी ओळ साथीदारांची ठेवा, तबला अमुक, पेटी तमुक. ही नावं शोधायला वेळ लागतो, जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर कधी असतात कधी नसतात. माझ्याकडे दोन वह्या भरून जमवलेली आहेत, तुमच्या १४ जणांपैकी नऊ जणांची तरी त्यातून मिळतील. येत्या रविवारी सकाळी मी वाशीला येऊ शकतो, पट्ट्या छापायला टाकायच्या आधी सांगा फक्त.