आईबाप शिकलेले नसले तर नवोदयला नंबर लागतो का?

ताई, तुमची मुलगी झेडपीच्या शाळेत चौथीत, मालक ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, तुम्ही स्वतः सातवी. शेजारच्या गुरुजींचा मुलगा नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या निवासी क्लासला गेलाय, मग आपल्या पोरीनं फॉर्म भरून काय उपयोग, असं विचारलंय तुम्ही. मी झेडपीतच एकोणीस वर्षं पाचवीला शिकवतोय, त्यामुळे गोड बोलत नाही.

शेजारच्या मुलाला फायदा आहेच. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झाली की मूल ग्रामीण. घरात पगार किती येतात, हे त्यात कुणी बघत नाही. माझी थोरली याच कोट्यातून लागली. आईबाप दोघं शिक्षक, कपाटात सरावाच्या पुस्तकांची चळत, रोज संध्याकाळी बाप समोर बसलेला. ती हुशार आहे, पण तेवढ्यानं लागली नाही. (बायकोला हे वाक्य आवडणार नाही.)

तिच्याच वर्गात एक मुलगी होती, गणितात हिच्यापेक्षा चलाख. तिचे आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. परीक्षा असते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन हंगामात. फॉर्म मी भरून दिला होता. परीक्षेच्या दिवशी ती उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळत होती. पाचवी संपली की सहावीची ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. तिची बाकावरची रिकामी जागा मला अजून दिसते.

आता पेपरचं. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. अंकगणिताचे २० प्रश्न, भाषेचे २०, आणि उरलेले ४०, म्हणजे निम्मे गुण, बुद्धिमत्तेचे. या ४० प्रश्नांत नुसत्या आकृत्या असतात: वेगळी ओळखा, अपुरी पुरी करा, आरशात कशी दिसेल. पाठ्यपुस्तकात हे नसतं. ज्यानं आधी पाहिलंय तो अर्ध्या मिनिटात पुढं जातो, ज्यानं पाहिलं नाही तो बघत बसतो. क्लासवाले मुख्यतः हीच ओळख विकतात.

आणि नेमकं हेच शिकवायला शिकलेली आई लागत नाही. जुन्या वहीचा कागद घ्या, दोनदा दुमडा, पोती शिवायच्या दाभणानं एक भोक पाडा. लगेच उघडू नका. आधी पोरीला विचारा, भोकं किती दिसतील आणि कुठं कुठं? तिला पाटीवर काढू दे, मग कागद उघडून तिनंच तपासायचं. भोक कडेला पाडलं तर काय होतं, कोपऱ्यात पाडलं तर काय, हे तिचं तिलाच कळायला लागतं. चुलीपाशी भाकरी थापता थापता होईल हे. दुसऱ्या दिवशी पाटीवर तिचं नाव लिहून आरशासमोर धरा.

भाषेत उतारे असतात. रोज पेपरातली एक बातमी तिनं मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही विचारायचं, ‘कुणाचं काय झालं गं?’ बस्स. गणितासाठी शाळेतल्या बाईंना धरा, जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडूनच मागा. रविवारी घड्याळ लावून सलग दोन तास बसवा आणि उत्तरपत्रिकेवरचे उत्तराचे गोल पेनानं भरायची सवय करा. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

बचत गटाचं कर्ज काढून निवासी क्लास लावू नका. एका नवोदयला सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि फॉर्म अख्ख्या जिल्ह्यातून येतात. चांगली तयारी झालेली कितीतरी मुलं राहतात, क्लासवालीसुद्धा.

कागदपत्रांत मात्र आळस नको. फॉर्म ऑनलाइन आणि फुकट असतो, पण मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. ते पाचवीला गेल्यावर लगेच विचारा, शेवटच्या दिवशी नको. जातीचा दाखला काढायचा राहिला असेल तर या उन्हाळ्यातच काढा.

आणि मालकांना सांगून ठेवा. परीक्षा बहुतेक शनिवारी असते. हॉल तिकीट आलं की त्यावरचं केंद्र बघा आणि त्या दिवशी ट्रॅक्टरची एकही खेप घ्यायची नाही. पोरीला केंद्रावर नेऊन सोडायचं आणि पेपर सुटेपर्यंत तिथंच थांबायचं.