आरामखुर्चीतला 'आराम' कुठला?

लातूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या आजोबांची सागवानी, वेतानं विणलेली खुर्ची गावच्या वाड्यातून आता त्यांच्या फ्लॅटमध्ये आली. तिला घरात तीन नावं आहेत. वडील 'आरामकुर्सी' म्हणतात, काकू 'इजीचेर' म्हणतात आणि विकत मागायला आलेला जुन्या सामानाचा व्यापारी तिला 'अँटिक आर्मचेअर' म्हणाला. त्यानं आणखी असंही सांगितलं, की 'आर्म'चंच मराठीत 'आराम' झालं, म्हणून आरामखुर्ची. ताई विचारतात, हे खरं का? आणि आमच्या खुर्चीला नेमकं म्हणावं काय?

खरं नाही. ऐकायला मात्र इतकं पटण्यासारखं आहे, की मीही शाळेत असताना हेच खरं धरून चाललो होतो. ते चुकीचं आहे हे एका साध्या वस्तूवरून कळतं. आपल्याकडं उन्हाळ्यात अंगणात टाकतात ती कापडाची घडीची खुर्ची आठवा. दोन लाकडी चौकटी, वरच्या-खालच्या दांड्यांत ओवलेलं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड, आणि मागं उतार कमी-जास्त करायला खाचा. तिला कितीदा हातच नसतात. तरी तिला आपण आरामखुर्चीच म्हणतो. नाव हातावरून पडलं असतं तर बिनहाताच्या खुर्चीला ते चिकटलं नसतं.

हा 'आराम' फारसीतला आहे, स्वस्थता, विसावा या अर्थाचा. हिंदी-उर्दूत 'आरामकुर्सी' आहे, आपल्याकडं 'आरामखुर्ची'. इंग्रजीत 'ईझी चेअर' म्हणतात तीच ही वस्तू, म्हणजे तुमच्या काकू आणि तुमचे वडील एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात. गंमत पुढं आहे. संस्कृतातही 'आराम' आहे. तिथं तो 'रम्' धातूपासून येतो आणि त्याचा अर्थ आनंद, रमण्याची जागा, बाग असा होतो. भिक्खूंच्या निवासाला 'संघाराम' म्हणत, तो हाच. फारसी 'आराम' आणि संस्कृत 'आराम' ही एकाच जुन्या मुळाची दोन पोरं आहेत. 'विराम'ही त्याच घरातला. 'विश्राम' मात्र नाही, त्याच्या पोटात 'श्रम' आहे. कानाला सारखे वाटणारे हे दोन शब्द वेगळ्या कुळांतले निघतात, हे मला दर वेळी नव्यानं आवडतं.

आता 'खुर्ची'. मूळ अरबी 'कुर्सी'. मराठीनं त्यात दोन बदल केले. 'क'चा 'ख' झाला, जसा फारसी 'पोशाक'चा आपला 'पोशाख' झाला. आणि 'सी' आपल्या जिभेला सोसला नाही. 'इ'कार जोडलेला परका 'स' मराठीत तालव्य, म्हणजे 'श', होतो. सिपाही आला तो शिपाई झाला, सिक्का आला तो शिक्का झाला, तफसीलचा तपशील झाला. 'कुर्सी' त्याच वाटेनं एक पाऊल पुढं जाऊन 'ची'वर थांबली. पण हे सगळ्या मराठी मुलखाचं झालं. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती. कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. त्यामुळं आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी 'कुर्सी' हे मूळ रूप शेजारी राहिलं. तुमचे वडील 'आरामकुर्सी' म्हणतात ते अशुद्ध नाही, त्यांना कुणी सुधारू नये.

मग आर्मचेअरला मराठी शब्द काय? तो आहेच, आपण त्याला शब्द समजत नाही एवढंच. परभणीत आमच्या सुताराला खुर्ची सांगायला गेलं की त्याचा पहिला प्रश्न असायचा, "हातवाली का बिनहाताची?" हातवाली खुर्ची म्हणजे आर्मचेअर. खुर्चीला आपण माणसासारखेच पाय, पाठ आणि हात दिले आहेत, त्यामुळं यापेक्षा सरळ शब्द शोधूनही सापडणार नाही. काही शब्दकोशांच्या धर्तीवर 'बाहुयुक्त आसन' वगैरे घडवण्याची काही गरज नाही.

थोडक्यात, हातवाली खुर्ची ही घडण झाली आणि आरामखुर्ची हा उपयोग. एकच खुर्ची दोन्ही असू शकते, एकच असू शकते. कचेरीतली ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची हातवाली आहे, पण तिच्यात आराम नाही.

हा फरक आपण बोलताना पाळतोही, न ठरवता. स्टुलावर बसतो, बाकावर बसतो, पाटावर बसतो. 'स्टुलात बसलो' असं कुणी म्हणत नाही. साध्या खुर्चीला 'वर' आणि 'त' दोन्ही चालतात. आरामखुर्चीशी आलो की बहुतेकांच्या तोंडी 'त'च येतो: आरामखुर्चीत बसले, खुर्चीत अंग टाकलं. सायकलवर बसतो आणि बैलगाडीत बसतो, त्यातलाच हा हिशेब. वस्तू आपल्याला तिन्ही बाजूंनी धरते तेव्हा मराठी 'त' लावते. सत्तेची खुर्ची बघा, तिथं माणसाला खुर्चीवर बसवतात आणि खुर्चीवरून खाली खेचतात. तिथं 'वर'च हवा, कारण तिथं उंची मोजायची असते. आमच्या आजीचं एक वाक्य माझ्या कानात पक्कं बसलं आहे. दारात कुणी आलं की ती आतून सांगायची, "हायेत की, खुर्चीत पडून पेपर वाचायलेत." खुर्चीत पडणं. 'पडणं' हे क्रियापद साध्या खुर्चीला लावून पाहा, माणूस अपघातात सापडल्यासारखा वाटेल.

आमच्या आजोबांची आरामखुर्ची ढाळजेत असायची. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ढाळज म्हणजे वाड्याच्या मोठ्या दारातून आत आल्याबरोबरची दोन्ही बाजूंची उंच बैठक. तिथं गादी, लोड, तक्क्ये असत. खुर्ची नंतर आली आणि एकच आली. आलेल्या पाहुण्याला हातवाली ताठ खुर्ची आतून आणून देत, आरामखुर्ची घरच्या वडीलधाऱ्याची. ते गावाला गेले तरी तीत कुणी बसत नसे. आम्ही पोरं फक्त तिच्या हातांवरून बोटं फिरवायचो, तिथलं लाकूड तळव्यांनी घासून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर औसा-उमरगा भागातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. नव्या सिमेंटच्या घरांना ढाळज नव्हती. जागाच गेली तिथं अशा खुर्च्या कुठं ठेवायच्या? काही माळ्यावर गेल्या, काही विकल्या गेल्या. वस्तू घराबाहेर गेली की तिच्यासोबतची क्रियापदंही जातात, ही माझी खरी कळकळ आहे.

ताईंनी पाठवलेल्या फोटोत खुर्चीचे हात बैठकीच्या बरेच पुढं आले आहेत आणि त्यांच्याखाली फिरवून बाहेर काढायची आणखी एक फळी दिसते. ती पाय पसरून ठेवायला असते. इंग्रजीत या घडणीला 'प्लांटर्स चेअर', मळेवाल्यांची खुर्ची, म्हणतात. मराठीत तिला 'लांब हातांची आरामखुर्ची' म्हणावं, आणखी काही नको.

'आरामखुर्चीतले विचारवंत' हा प्रयोग मात्र इंग्रजीतून आला आहे. तिथं मुळात 'आर्मचेअर' आहे, म्हणजे नुसती हातवाली खुर्ची. भाषांतर करणाऱ्यानं ती आरामखुर्ची केली. शब्दाला शब्द धरला तर चूक, पण घरबसल्या मत देण्याचा अर्थ मराठीत जास्त नेमका उतरला. मी ही चूक ठेवीन.

'अँटिक'बद्दल एवढंच, की व्यापारात तो शब्द साधारण शंभर वर्षांपुढच्या वस्तूला लावतात, आणि आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यातही कलावस्तूंना शंभर वर्षांचीच अट आहे. त्याहून अलीकडच्या जुन्या मालाला 'व्हिंटेज' म्हणायची रीत आहे. तुमची खुर्ची कोणत्या खात्यात बसते ते व्यापाऱ्याला ठरवू द्या. घरात 'आजोबांची खुर्ची' म्हणा.

आणि एक, शब्दांबाहेरचं. बैठकीचा वेत सैल पडला आहे असं तुम्ही लिहिलंय. जाळी खालून नीट बघा. उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि मग दोन तिरके असे पदर असतील, मध्ये अष्टकोनी भोकं दिसतील, आणि कुठं तुटलेलं नसेल, तर लगेच नवीन विणून घेऊ नका. ओलं कापड पिळून वेताला खालच्या बाजूनं लावा. वरची तकतकीत साल पाणी पीत नाही, खालची पीते. मग सावलीत वाळू द्या आणि पुरती वाळेपर्यंत तीत कुणाला बसू देऊ नका. वाळताना वेत आवळतो आणि बैठक पुन्हा ताणली जाते.