शंट जर्मनीत बसवायचा की पुण्यातच?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. डोक्याचा घेर भराभर वाढतोय म्हणून सोनोग्राफी केली, मग एमआरआय, त्यात हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूत पाणी साचणं, निघालं. पुण्याच्या डॉक्टरांनी लगेच शंट टाकायला सांगितलंय. माझे दीर जर्मनीत असतात, ते म्हणतात मेंदूचं ऑपरेशन आहे, रिस्क नको, इकडेच घेऊन या. सासरे शेत विकायला निघालेत. मला काहीच सुचत नाहीये. - एक आई, कराड

उत्तर : आधी एकच सांगते, डॉक्टर लगेच म्हणालेत ना, मग व्हिसाची वाट बघत बसू नका. पाणी साचतच राहतं आणि मेंदूवर दाब येत राहतो, तो काही अपॉइंटमेंटसाठी थांबत नाही.

माझ्या मुलाला चौथ्या महिन्यात शंट बसला, आता तो नववीत आहे, म्हणून हे मनापासून लिहितेय. शंट म्हणजे एक बारीक नळी, मेंदूतल्या पोकळीतून निघते, कानामागे कातडीखाली छोटा व्हॉल्व्ह असतो, तिथून मान-छातीवरून खाली पोटात, आणि जास्तीचं पाणी पोटात शोषलं जातं. पोटात नळी मुद्दाम जास्त लांब सोडतात, बाळ उंच झालं तरी पुरावी म्हणून. अजूनही त्याला तेल लावताना कानामागचा तो उंचवटा माझ्या बोटाला लागतो.

पण दिरांना एक गोष्ट नक्की सांगा, शंट हे एकदा केलं आणि सुटलो असं ऑपरेशन नाहीये. लहान मुलांमध्ये दहातले तीन-चार शंट पहिल्या वर्षभरातच बिघडतात, नळी चोंदते, सरकते, नाहीतर इन्फेक्शन होतं, आणि हे चांगल्या चांगल्या देशांतही होतं. आमचा अकराव्या महिन्यात चोंदला. रात्री दोनला उलटी, परत उलटी, टाळू फुगलेली, डोळे खाली वळलेले, आणि नेहमी किरकिर करणारं पोर नुसतं झोपून राहिलं, हाक मारली तरी बघेना. पाऊण तासात आम्ही आमच्या सर्जनकडे होतो आणि सकाळी रिव्हिजन, म्हणजे शंट दुरुस्तीचं ऑपरेशन, झालं. तेव्हा आमचा डॉक्टर फ्रँकफर्टला असता तर काय केलं असतं, याचा विचारही नको वाटतो.

व्हॉल्व्हचं म्हणाल तर उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट युगांडातल्या मुलांना बसवून महागड्या परदेशी शंटशी तुलना केली होती, २००५ साली ते छापून आलं, वर्षभरानंतर दोन्हींच्या निकालात फरक दिसला नाही. परदेशी बनावटीचे व्हॉल्व्ह इथेही मिळतात, पण महाग म्हणजे तुमच्या बाळासाठी चांगला असं नसतं, ते सर्जनलाच विचारा. दुर्बिणीतून मेंदूतच पाण्याला दुसरी वाट करून देतात, ते ईटीव्ही चालेल का हेही विचारा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत ते कमी वेळा यशस्वी होतं, पण पाणी कशामुळे अडलंय त्यावरही बरंच अवलंबून असतं.

आणि शेत? प्लीज घाई करू नका. ससून, मुंबईचं केईएम इथे ही ऑपरेशनं होतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. मन मानत नसेल तर सेकंड ओपिनियन जरूर घ्या, एमआरआयची सीडी दिरांकडून तिकडच्या डॉक्टरला दाखवा, त्याला बाळाला विमानात बसवावं लागत नाही. पुढे कधी तिकडे राहायलाच जायचं ठरलं तर गोष्ट वेगळी, पण मग जायच्या आधी तिथला न्यूरोसर्जन आणि इन्शुरन्स दोन्ही पक्कं करा, बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी आधीपासूनचा आजार धरत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी व्हॉल्व्हचं नाव, मॉडेल आणि प्रेशर लिहून घ्या, त्याचा फोटो घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. प्रोग्रॅमेबल, म्हणजे बाहेरून प्रेशर बदलता येणारा, असेल तर प्रत्येक एमआरआयनंतर सेटिंग तपासायला लागतं. घरी शिवणकामाची टेप असेलच, डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांनी भुवयांच्या वरून घेर मोजा आणि लसीकरणाच्या कार्डावरच तारखेसकट लिहा. सासऱ्यांना हे उत्तर वाचून दाखवा. आणि ऑपरेशन झालं की दोन ओळी नक्की पाठवा, मी वाट बघतेय.