जर्मेनियम डिटेक्टर असताना स्टोरेज रिंगवर अतिथंड डिटेक्टर कशाला?

तुम्ही रत्नागिरीत एम.एस्सी. करता, ऑगस्टमध्ये विजयदुर्गला हेलियम दिनाला जाऊन आलात आणि विचारताय की वर्णरेषा मोजायचं काम आता उरलंय का; जर्मनीतल्या स्टोरेज रिंगवर (आयन गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) उत्तम जर्मेनियम डिटेक्टर असताना निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेले डिटेक्टर कशाला लावतात? मी देवगडचा, कमी तापमानावरची मोजमापं हेच माझं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विजयदुर्ग. किल्ल्यावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरनी हेलियम शोधला असं आपल्याकडे सांगतात. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण खरं, पण ते पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन त्या दिवशी गुंटूरला होते आणि लॉकयरनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. महत्त्वाचं हे की सोडियमच्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर असतात आणि ही रेषा 587.6 वर होती. दीड नॅनोमीटरही नाही, एवढ्या फरकातून नवं मूलद्रव्य हाती आलं. पुढे 1895 मध्ये रॅम्झींना पृथ्वीवर हेलियम सापडला तो युरेनियमच्या एका खनिजात.

युरेनियमकडेच जायचंय. डार्मश्टाट इथल्या जीएसआय संस्थेत युरेनियमच्या अणूचे जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन काढून ते आयन रिंगमध्ये फिरवत ठेवतात. एक इलेक्ट्रॉन उरला तर हायड्रोजनसारखा, दोन उरले तर हेलियमसारखा युरेनियम. केंद्रकाजवळच्या त्या इलेक्ट्रॉनला जाणवणारं विद्युतक्षेत्र हायड्रोजनमधल्यापेक्षा साधारण 92 च्या घनाइतकं, म्हणजे पावणेआठ लाख पट असतं. क्वांटम विद्युतगतिकीची (प्रकाश आणि विद्युतभार यांच्या परस्परक्रियेच्या सिद्धांताची) इतकी कडक परीक्षा घेता येईल अशा जागा फार थोड्या. एका इलेक्ट्रॉनच्या युरेनियमचं लॅम्ब विस्थापन (साध्या समीकरणातून येणाऱ्या ऊर्जेपासून खरी ऊर्जा किती सरकते ते) 2005 मध्ये जर्मेनियम डिटेक्टर वापरून 460.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट आलं, अनिश्चितता 4.6. सिद्धांताचं उत्तर याहून बरंच नेमकं आहे. म्हणजे मागे पडलंय ते मोजमाप.

का पडलंय? तुमच्या लॅबमधला सोडियम आयोडाइड डिटेक्टर आठवा (आपल्या दमट हवेत तो स्फटिक उघडा राहिला तर पाणी शोषून वाया जातो, म्हणून डब्यात सीलबंद असतो). सीझियमचं 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर त्यावर चाळीस-पन्नास किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट पसरट दिसतं. जर्मेनियम कितीतरी सरस, पण तोही शेवटी विद्युतभारच मोजतो. एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सुमारे 3 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि दर वेळी जोड्यांची संख्या थोडी कमीजास्त होते. त्यामुळे 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला रेषा चार-पाचशे इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद होते. इलेक्ट्रॉनिक्स कितीही सुधारलं तरी यातून फारशी सुटका नाही.

अतिथंड डिटेक्टर म्हणजे कॅलरीमापी. तो भार मोजतच नाही, उष्णता मोजतो. फोटॉन सोन्याच्या चिमुकल्या तुकड्यात शिरतो आणि त्याची सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे जेमतेम 1.6 × 10⁻¹⁴ ज्यूल. खोलीच्या तापमानाला तिचा मागमूसही लागणार नाही. पण 20 मिलिकेल्विनच्या आसपास धातूची उष्माधारकता इतकी घसरते की तेवढ्यानंही तापमान मोजण्याइतकं चढतं, आणि औष्णिक चढउतारही दबतात. सोन्याला चिकटलेल्या संवेदकात, म्हणजे सोन्यात किंवा चांदीत, किंचित एर्बियम मिसळलेलं असतं. तापमान चढलं की त्याचं चुंबकन घटतं आणि तो बदल स्क्विड नावाचा अतिसंवेदी चुंबकमापी टिपतो. पडद्यावर प्रत्येक फोटॉनचं एकेक स्पंदन दिसतं: झर्रकन चढणारं, सावकाश उतरणारं. त्याच्या उंचीत ऊर्जा असते. हायडेलबर्गमध्ये बनलेल्या अशा डिटेक्टरांनी 6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला 1.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट विभेदन (रेषेची दिसणारी रुंदी) दाखवलंय. आणि एवढी थंडी येते कुठून? हेलियम-3 आणि हेलियम-4 च्या मिश्रणावर चालणाऱ्या डायल्यूशन रेफ्रिजरेटरमधून. हे मला फार सुंदर वाटतं: हेलियमनं थंड केलेल्या यंत्रानं हेलियमसारखा युरेनियम मोजायचा.

प्रत्यक्ष रिंगवर मात्र डोकेदुखी वेगळी. आयन धावत असतात, म्हणून डॉप्लर. आपल्या स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा येताना चढा आणि जाताना उतरता ऐकू येतो, तसंच. जीएसआयच्याच क्रायरिंग या छोट्या रिंगवर इलेक्ट्रॉन कूलरच्या (आयनांसोबत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून त्यांचे वेग एकसारखे करणाऱ्या भागाच्या) दोन्ही टोकांना, 0 आणि 180 अंशांवर, एकेक डिटेक्टर लावतात. तिथे धावत्या आयनाला इलेक्ट्रॉन चिकटतो आणि क्ष-किरण सुटतो. वेग प्रकाशाच्या सुमारे 15 टक्के धरला तर 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा पुढे 116 च्या आसपास आणि मागे 86 च्या आसपास दिसेल. दोन्ही ऊर्जांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या: वेग समीकरणातून उडून जातो, आयनाची खरी ऊर्जा उरते. 2021 च्या प्रयोगात याच मांडणीनं 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ 90 इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा चांगलं विभेदन मिळालं.

स्फटिक वर्णपटमापी (स्फटिकावरच्या विवर्तनातून ऊर्जा मोजणारे) याहूनही धारदार असू शकतात, पण ते फोटॉन फार थोडे पकडतात आणि ऊर्जेची अरुंद पट्टीच पाहतात. कॅलरीमापीवर सगळ्या रेषा एकदम येतात. उणिवा त्यालाही आहेत: क्षेत्रफळ लहान, आणि तापमान जरा सरकलं की स्पंदनाची उंची सरकते, त्यामुळे किरणोत्सारी स्रोताच्या ज्ञात रेषांवर सतत अंशांकन करावं लागतं.

प्रकल्प करायचा असेल तर डायल्यूशन फ्रिज नसल्यानं अडत नाही. पायथनमध्ये कृत्रिम स्पंदनं तयार करा, गोंगाट मिसळा, आणि नुसत्या उंचीऐवजी ऑप्टिमल फिल्टर (गोंगाट लक्षात घेऊन स्पंदनाचा पूर्ण आकार वापरणारी पद्धत) लावल्यावर विभेदन किती सुधारतं ते काढा. मग तापमान मुद्दाम सरकवून तेच पुन्हा करा. डार्मश्टाटच्या फेअर या नव्या त्वरक केंद्राच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि समन्वय कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटकडे आहे, पीएच.डी.चा विचार असेल तर त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. कोड अडला तर इथेच विचारा.