स्पर्धेत भाग घेतल्याची विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं का पडतात?

तुम्ही विचारलंय की स्वप्नात सारख्या स्पर्धाच का दिसतात, त्या इतक्या चमत्कारिक का असतात, आणि स्वप्नात हरलं तर प्रत्यक्षातही हार ठरलेली असते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, मुळीच नाही.

मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो. शर्यत जवळ आली की मलाही अशी स्वप्नं पडतात. एक तर अजून लख्ख आठवतं. छातीवर नंबराचा कागद पिनांनी लावतोय. एक पिन बसली की दुसरी निसटते, आणि खाली बघावं तर नंबरच बदललेला. पंचांकडे गेलो तर टेबलामागे शाळेतल्या गणिताच्या बाई. "आधी वही दाखव," म्हणाल्या. त्यात मला काहीही वावगं वाटलं नाही, मी मुकाट्याने वही शोधायला लागलो. तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळे सुटले. जाग आली तेव्हा छाती धडधडत होती.

हे असं का होतं? शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं की झोपेत ठरावीक टप्प्यांत बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात. हीच 'रेम' झोप. सगळ्यात ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. हा टप्पा साधारण दीड तासाने परत येतो आणि पहाटेकडे लांबत जातो, म्हणून पहाटेचं स्वप्न जास्त लक्षात राहतं. या वेळी मेंदूतला भीती-धास्तीचा भाग जोरात चालू असतो आणि खरं-खोटं पारखणारा पुढचा भाग बराच मंदावलेला. गणिताच्या बाई पंच म्हणून का बसल्यात, हे विचारणारंच कोणी जागं नसतं. पात्रं, जागा, नियम कुठून कुठूनही गोळा होतात, पण धाकधूक मात्र खरी असते. म्हणून मी स्वप्नात काय दिसलं यापेक्षा काय वाटलं हे आठवून बघतो. उशीर होण्याची भीती होती की लोकांसमोर फजिती होण्याची? समोर कुठलीही स्पर्धा नसताना असं स्वप्न पडलं, तर नोकरीतली बढती, मुलाखत, कोणाशी तरी होणारी तुलना, असं काहीतरी मनात घोळत असतं. स्वप्नांचे ठरावीक अर्थ सांगणाऱ्या याद्यांवर माझा विश्वास नाही.

हरण्याबद्दल सांगायचं तर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार दिलासा देणारा वाटतो. पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या चुरशीच्या परीक्षेला बसलेल्या 719 विद्यार्थ्यांनी त्यात उत्तरं दिली. साधारण 60 टक्क्यांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं, आणि बहुतेकांच्या स्वप्नात काही ना काही बिघडलं होतं: पोचायला उशीर झाला, उत्तरंच आठवेनात. तरीही ज्यांना अशी स्वप्नं जास्त वेळा पडली, त्यांना गुण जास्त मिळाले. स्वप्नामुळे गुण वाढले असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीत जीव अडकलाय तिची तयारी मेंदू झोपेतही सोडत नाही, असं मला मनापासून वाटतं.

तेच स्वप्न पुन्हा पुन्हा छळत असेल तर एक करून बघा. दिवसा, पूर्ण जागेपणी, ते लिहून काढा आणि शेवट तुम्हाला हवा तसा बदला. मग रोज काही मिनिटं तो नवा शेवट डोळ्यांसमोर आणा. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर मानसोपचारात हीच पद्धत वापरतात. मी पिना नीट बसल्याचं आणि सगळ्यांबरोबर सुटल्याचं चित्र रंगवायचो. पिनांचं स्वप्न त्यानंतर हळूहळू कमी झालं.

एवढ्याने भागलं नाही आणि झोपायचीच भीती वाटू लागली, तर डॉक्टरांना भेटा. आणि स्वप्नात धावताना तुम्ही खरोखरच लाथा झाडत असाल, ओरडत असाल, तर अजिबात थांबू नका. रेम झोपेत हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असायला हवेत. ते तसे पडत नसतील तर तपासणी व्हायलाच हवी.