क्लिअरन्सच्या फॉर्ममधलं 'कधीही'

तुझा प्रश्न असा: दारूपायी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलास, आता दोन वर्षं थेंबही नाही. अमेरिकेत एमएस करून पुढं संरक्षण खात्याच्या प्रकल्पांवर काम करायचंय, तर ही जुनी नोंद सिक्युरिटी क्लिअरन्सला, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायच्या परवानगीला, आडवी येईल का?

क्लिअरन्सला साधारणपणे अमेरिकन नागरिकत्वच लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग तुला ठाऊक आहेच, आणि ते हातात पडल्यावर नागरिकत्वासाठी बहुतेकांना आणखी ५ वर्षं. म्हणजे तो फॉर्म भरेपर्यंत तुझे केस पिकायला लागलेले असतील. दारूचा विषय त्याच्या कितीतरी आधी निघतो. इथं अमेरिकेत पिऊन गाडी चालवताना सापडलास तर नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो, निकालाची वाट बघत नाहीत. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीतही दारूबद्दल विचारतात.

क्लिअरन्सचा फॉर्म म्हणजे एसएफ-८६. त्यातलं २४वं कलम दारूचं. पिण्यामुळे नोकरी, नाती, पैसा यांचं नुकसान झालं का, पोलिसांशी गाठ पडली का, हे गेल्या ७ वर्षांपुरतं विचारतात. समुपदेशन किंवा उपचार घेतलेत का, तिथं मात्र शब्द आहे 'कधीही'. माणसं घसरतात ती इथंच. भारतातली गोष्ट, यांना कोण सांगणार, असं म्हणून 'नाही'वर टिक करून मोकळी होतात. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवायच्या २०१७ पासूनच्या नियमावलीत एकूण १३ कसोट्या आहेत. दारूची 'जी', अमली पदार्थांची 'एच', सचोटीची 'ई'. उपचार पुरे केले आणि त्यानंतर प्यायला नाहीस, हे तुझ्या बाजूनं धरावं असं 'जी'मध्येच लिहिलंय. लपवलंस की तुझी फाइल 'ई'त जाते, आणि माझ्या मते तिथून बाहेर पडणं दारूपेक्षा अवघड.

एकदा शेजाऱ्याच्या क्लिअरन्सच्या चौकशीसाठी सरकारी तपासनीस आमच्या दारात उभा राहिला. आई तेव्हा इथंच होती. तिनं पोह्यांची बशी पुढं केली, त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. वही उघडून थेट विचारलं, हा किती पितो? पिऊन भांडलेला पाहिलाय का? पैशाची ओढाताण दिसते का? पुढं तो शेजारीच मला म्हणाला की त्यानं स्वतःचे जुने उपचार फॉर्ममध्ये आधीच लिहून टाकले होते. उशीर झाला, पण क्लिअरन्स मिळाला.

गांजाचं वेगळं. कॅलिफोर्नियात तो दुकानात पावतीसकट मिळतो, पण केंद्रीय कायद्याला ते मान्य नाही. सध्या ओढणाऱ्याला क्लिअरन्स देऊच नये असा २००८ चा कायदा आहे, आणि नागरिक होण्याआधी ओढलास तर नागरिकत्वच अडू शकतं. रूममेटनं पुढं केलेली 'गमी', म्हणजे गांजा घातलेली चघळायची गोळीसुद्धा त्यातच आली. होळीच्या थंडाईतली भांगही त्याच झाडाची, तेव्हा फॉर्म भरताना ती कशी मांडायची हे वकिलाला विचारून घे.

आत्ता करायचं ते एवढंच: डिस्चार्जचा कागद, फॉलोअपच्या तारखा आणि समुपदेशकाचं पत्र मागून घे, स्कॅन कर. दहा-पंधरा वर्षांनी ते शोधायला तुला पुण्याला यायला लागू नये.