प्राण्यांच्या मेंदूवर संशोधन करायचं तर नीट द्यावीच लागते का? काम नेमकं काय असतं?

फोंड्यात बारावी सायन्सला आहात, प्राण्यांचा मेंदू आणि वागणं यावर काम करायचंय आणि घरचे म्हणतात आधी नीट दे, असं तुम्ही लिहिलंय. नीटची गरज नाही. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्या, किंवा झुआरीनगरच्या बिट्स या खासगी विद्यापीठाचा विचार करा, किंवा इथल्याच कॉलेजात झूलॉजी घेऊन पुढे ताळगावला विद्यापीठात एमएस्सी. पदवीच्या नावात ‘न्यूरो’ हवंच म्हणून अडून बसू नका. फिजिक्स, इंजिनिअरिंगवालेही या क्षेत्रात भरपूर आहेत. पीएचडीला साधारण 5-6 वर्षं जातात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, मग 42,000, घरभाडं वेगळं. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं तात्पुरतं संशोधनाचं काम, आणि पक्क्या जागा कमीच. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

आता काम. आधी प्रश्न ठरतो, मग प्राणी. एका सूक्ष्म गोलकृमीत 302 चेतापेशी, फळमाशीच्या मेंदूत सुमारे 1,40,000, उंदरात सात कोटींच्या आसपास. वास कसा ओळखला जातो हे पाहायला फळमाशी पुरते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी हेच केलं. गोलकृमीच्या चेतापेशींचा जोडणी-नकाशा 1986 मध्ये छापून आला, तरी कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे आजही त्या नकाशावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नुसत्या मेंदूच्या मागे लागू नका, वागणं मोजायला शिका.

प्रयोगशाळेतला एक दिवस कसा असतो ते सांगतो. उंदराच्या मेंदूचा 300 मायक्रॉन (0.3 मिलिमीटर) जाडीचा काप काढायचा आणि क्षारांच्या द्रावणात जिवंत ठेवायचा. त्या द्रावणात 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत हवेत. सिलिंडर मध्येच संपला की पीएच बिघडतो आणि पेशी मरतात, दिवस फुकट. मग पेशीतले विजेचे संकेत टिपायला काचेची नळी तापवून बारीक ओढायची आणि पेशीला चिकटवायची. एका पेशीला एक नळी, वापरलेली पुन्हा चालत नाही. नळीतल्या चांदीच्या तारेवर क्लोराइडचा थर असावा लागतो. साध्या ब्लीचमध्ये तार काळपट होईपर्यंत बुडवली की काम होतं. थर निघून गेला की व्होल्टेज सरकत राहतं. स्क्रीनवर 50 हर्ट्झची एकसारखी लाट दिसली तर ती मेंदूची नव्हे, भिंतीतल्या विजेची. सगळं अर्थिंग एकाच बिंदूला जोडा, ट्यूबलाइट बंद करून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात जोडण्यांवर ओल धरते आणि करंट गळतो, त्यामुळे एसी आणि डीह्युमिडिफायर ही चैन नाही.

वागण्याचे प्रयोग दिसायला सोपे, फसायला त्याहून सोपे. उंदीर निशाचर; सकाळी दहाला त्याची परीक्षा घेतली तर तुम्ही झोपेतून उठवलेला उंदीर मोजताय. म्हणून बरेच जण खोलीतलं दिवस-रात्रीचं चक्र उलटं ठेवतात. चक्रव्यूहाची पेटी प्रत्येक उंदरानंतर 70 टक्के अल्कोहोलने पुसायची, नाहीतर पुढचा आधीच्याच्या वासावर चालतो. नोंद करणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिलंय हे कळता कामा नये. आणि तीन उंदरांच्या 60 पेशी मोजल्या म्हणून नमुना 60 होत नाही, तो तीनच राहतो. ही चूक छापून आलेल्या पेपरांतही सापडते.

उंदीर, मासे, बेडूक अशा पाठीच्या कण्याच्या प्राण्यांवर प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते. ती यायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा.

तुम्ही आत्ता काय करू शकता? पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. आणि ओहोटीला बोरी-दुर्भाटच्या बाजूला खारफुटीच्या कडेला बसा. एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे चिखलात दिसतील, ते नर. सावली पडली की बिळात पळतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं न हलता बसायचं. मग एकच नर निवडून पाच मिनिटं मोबाइलवर शूट करा आणि नांगी किती वेळा हलवतो ते मोजा. जवळ मादी असताना किती, नसताना किती, हे वेगळं लिहा. तारीख, वेळ, ओहोटीची वेळ, ऊन की ढग, हेही. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोज त्याच घड्याळी वेळेला गेलात तर भरती-ओहोटी आणि उन्हाचा परिणाम एकमेकांत मिसळेल. तोच व्हिडिओ मैत्रिणीला तुमचा आकडा न सांगता मोजायला द्या. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर ‘एकदा हलवणं’ म्हणजे काय हेच ठरलेलं नाही; व्याख्या लिहून काढा आणि पुन्हा मोजा. चोडणच्या पक्षी अभयारण्यात मात्र असं काही करायचं तर वनखात्याची परवानगी आधी.